स्विच आपल्या शेजाऱ्यांस कसा ओळखतो

(तालुका शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



सकाळपासून ह्या परिषदेत भाषा आणि गणित ह्या विषयांवर पुष्कळ उद्बोधक चर्चा झाली. त्यानंतर मी एका लहानशा पेटीविषयी बोलावयास उभा राहिलो आहे, ह्याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. आपल्या अनेक शाळांतून आता संगणक कक्ष आहेत. त्या कक्षाच्या भिंतीवर किंवा टेबलाखाली एक चपटी पेटी असते. तिच्या दर्शनी बाजूस आठ, सोळा किंवा चोवीस चौकोनी खाचा असतात. त्यांपैकी काहींत केबल खोवलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेजवळ एक बारीक दिवा लुकलुकत असतो. ह्या पेटीस स्विच म्हणतात आणि तिच्या खाचांस पोर्ट म्हणतात. दिवा लावण्याच्या बटणासही आपण स्विचच म्हणतो; परंतु आज आपणांस ज्याचा विचार करावयाचा आहे तो स्विच संगणकांस एकमेकांशी जोडणारा आहे.

हा विषय मी का निवडला ते आरंभीच सांगतो. शाळाभेटीस गेलो असता संगणक कक्षास कुलूप दिसते. कारण विचारले की उत्तर मिळते, "साहेब, नेट चालत नाही. तंत्रज्ञास कळविले आहे." तंत्रज्ञ तालुक्याच्या गावाहून यावयाचा असतो. त्याच्याकडे अशा अनेक शाळा असतात. तो येईपर्यंत आठवडा जातो, कधी पंधरवडा जातो. आणि आल्यावर पुष्कळदा असे आढळते की दोष एका केबलचा होता. ज्या मुलाच्या घरी संगणक आहे त्याचे ह्यात फारसे बिघडत नाही. परंतु शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या मुलास संगणकावर हात ठेवावयास मिळेल अशी जागा गावात शाळेखेरीज दुसरी नसते. कक्षाचे कुलूप त्याच्याच वाट्यास येते. म्हणून ह्या पेटीचे काम कसे चालते हे आपण समजून घेतले पाहिजे. ते समजण्यास इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. ज्याने वर्गाचा हजेरीपट ठेवला आहे त्यास ते सहज समजेल.

प्रथम पेटीचे काम पाहू. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जो मजकूर जावयाचा असतो तो अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जणू एका पाकिटात घातला जातो. ह्या पाकिटास फ्रेम म्हणतात. सर्वसाधारण फ्रेममध्ये जास्तीत जास्त १,५०० बाइट मजकूर मावतो. पाकिटावर दोन पत्ते असतात : प्रथम ज्यास पाठवावयाचे त्याचा आणि त्यानंतर जो पाठवितो त्याचा. स्विचने पाकीट हाती येताच घेणाऱ्याचा पत्ता वाचून ते नेमके त्याच्याच पोर्टातून बाहेर सोडावे, एवढेच त्याचे काम आहे.

हा पत्ता गावाचा किंवा घराचा नसतो. तो त्या यंत्राचाच असतो आणि कारखान्यात तयार होतानाच त्यास मिळालेला असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. तो ४८ द्विमान अंकांचा असतो; लिहिताना सोयीसाठी १२ चिन्हांत लिहितात. ही चिन्हे शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी वर्णमालेतील ए ते एफ ही सहा अक्षरे ह्यांतून घेतलेली असतात. पहिली सहा चिन्हे यंत्र तयार करणाऱ्या कंपनीची खूण असते; ती खूण इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स ही संस्था त्या कंपनीस नेमून देते. उरलेली सहा चिन्हे कंपनीने आपल्या प्रत्येक यंत्रास निरनिराळी द्यावयाची असतात. एका खुणेखाली १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ यंत्रे मावतात. आपल्या वर्गात द्विमान पद्धती शिकविताना दोनाचा चोविसावा घात काढून दाखवावा, म्हणजे ही संख्या कोठून आली ते मुलांस कळेल.

आता मुख्य प्रश्न येतो. कोणत्या पोर्टावर कोणता पत्ता आहे हे स्विचला सांगतो कोण? पेटी नवी आणली, भिंतीस लावली, वीज दिली, केबल खोवल्या आणि काम सुरू झाले. कोणीही त्यास यादी दिली नाही. गावात नवा पोस्टमन आला तर त्यास जुना पोस्टमन घरे दाखवितो. स्विचला घरे दाखविणारा कोणी नसतो. तरीही काही क्षणांत त्यास सर्व ठाऊक होते. ते कसे होते, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, दुसऱ्या पोर्टावर एका विद्यार्थिनीचा संगणक आहे आणि पाचव्या पोर्टावर प्रिंटर आहे. स्विच नुकताच सुरू झाला आहे. त्याची वही कोरी आहे. विद्यार्थिनीच्या संगणकाने प्रिंटरकडे एक फ्रेम पाठविली. ती दुसऱ्या पोर्टातून आत आली. स्विच प्रथम पाठविणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि आपल्या वहीत लिहितो : 'हा पत्ता दोन नंबरच्या पोर्टावर आहे.' नंतर तो घेणाऱ्याचा पत्ता वाचतो. तो वहीत नाही. अशा वेळी स्विच फ्रेम परत करीत नाही किंवा टाकूनही देत नाही. ज्या पोर्टातून ती आली ते सोडून बाकीच्या सर्व पोर्टांतून तिच्या प्रती सोडतो. ज्यांच्यासाठी ती नसते ते संगणक पत्ता पाहून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. प्रिंटर मात्र ती स्वीकारतो आणि उत्तर देतो. ते उत्तर पाचव्या पोर्टातून येते. स्विच वहीत दुसरी ओळ लिहितो : 'प्रिंटरचा पत्ता पाच नंबरच्या पोर्टावर आहे.' उत्तर कोणास द्यावयाचे ते त्यास आता ठाऊक आहे, म्हणून ते एकट्या दुसऱ्या पोर्टातून जाते. येथून पुढे त्या दोघांचे बोलणे इतरांच्या कानी पडत नाही.

ह्या पद्धतीचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : स्विच पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरून शिकतो आणि घेणाऱ्याच्या पत्त्यावरून वाट दाखवितो. ज्याने एकदाही तोंड उघडले नाही त्याचे नाव त्याच्या वहीत येऊ शकत नाही. वर्गात मागच्या बाकावर मुकाट बसणाऱ्या मुलाची आठवण आपणांस येथे झाली तर ती योग्यच आहे. परंतु स्विच त्या मुक्या शेजाऱ्यासही वगळीत नाही. त्याच्यासाठी काही आले तर सर्वांस हाक देऊन तो त्याचा शोध घेतो आणि त्याने उत्तर देताच त्याची नोंद करतो.

ही सोय आरंभापासून नव्हती. १९७३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांनी इथरनेट नावाची जोडणीची पद्धत सिद्ध करण्यास प्रारंभ केला. तींत सर्व संगणक एकाच लांब तारेवर असत आणि एकाचे बोलणे सर्वांस ऐकू जाई. दोघे एकदम बोलले की गोंधळ होई व दोघांनाही थांबून पुन्हा बोलावे लागे. संगणक वाढले तसा हा गोंधळ वाढला. पुढे पत्ते शिकून मजकूर नेमक्या बाजूस सोडणारे पूल तयार झाले. १९९० साली कल्पना ह्या नावाच्या अमेरिकेतील कंपनीने अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. तिच्या संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक होत. १९९४ साली सिस्को ह्या कंपनीने ती विकत घेतली. आपल्या भिंतीवरची स्वस्त पेटी त्याच पद्धतीची आहे.

स्विच शिकतो कसा हे आपण पाहिले. तो विसरतो कसा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वहीतील प्रत्येक ओळीस मुदत असते. त्या पत्त्यावरून नवी फ्रेम आली की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. काहीच आले नाही तर मुदत संपताच ओळ पुसली जाते. प्रमाण म्हणून ही मुदत ३०० सेकंदांची, म्हणजे पाच मिनिटांची ठरलेली आहे. मोठ्या स्विचमध्ये ती कमीअधिक करता येते.

असे विस्मरण का ठेवले असावे? कारण शेजारी कायमचे नसतात. आज एका पोर्टावर असलेला संगणक उद्या दुरुस्तीस जातो, परवा त्याच्या जागी दुसरा येतो. जुनी नोंद तशीच राहिली तर त्याच्या नावाचे पाकीट रिकाम्या पोर्टाकडे जात राहील आणि पाठविणारा उत्तराची वाट पाहत बसेल. चुकीच्या माहितीपेक्षा माहिती नसणे बरे, कारण माहिती नसली की स्विच सर्वांस विचारतो. चुकीची असली की विचारण्याचेही त्यास कारण उरत नाही. संगणक पाच मिनिटांच्या आतच एका पोर्टावरून दुसऱ्यावर हलविला तरी अडचण येत नाही. नव्या पोर्टातून त्याची पहिली फ्रेम येताच स्विच जुनी ओळ खोडून नवी लिहितो. शेवटी ऐकलेले खरे, हा त्याचा नियम आहे.

येथे शिक्षकाने एक भेद मनाशी ठेवावा. पाच मिनिटे मुका राहिलेला शेजारी विसरणे हा स्विचचा गुण आहे, कारण पुढची फ्रेम येताच त्याची ओळख पुन्हा जुळते. हंगामात पालकांबरोबर परगावी गेलेले आपले मूल मात्र आपण हाक दिल्यावाचून परत येईलच असे नसते. यंत्राची उपमा मुलांस समजावून देण्यापुरती घ्यावी; हजेरीपटावरील नावाच्या बाबतीत तिचा आधार घेऊ नये.

आता शेजाऱ्यांस ओळखण्याचा दुसरा प्रकार पाहू. आतापर्यंत वर्णिलेली ओळख ही कानोसा घेऊन झालेली ओळख आहे. स्विचला पत्ता कळला. परंतु त्या पत्त्यावर संगणक आहे, प्रिंटर आहे की दुसरा स्विच आहे, हे कळले नाही. जेथे शेकडो यंत्रे असतात अशा महाविद्यालयांत, रुग्णालयांत आणि मोठ्या कार्यालयांत एवढ्याने भागत नाही. कोणती केबल कोठे जाते हे तेथे पाहणाऱ्यास माहीत असावे लागते. म्हणून यंत्रांनी आपण होऊन आपली ओळख सांगावी अशी पद्धत निघाली. काही कंपन्यांनी प्रथम आपापल्या यंत्रांपुरत्या अशा पद्धती केल्या. पुढे २००५ साली वर उल्लेखिलेल्या संस्थेने सर्व कंपन्यांच्या यंत्रांस चालेल असा सामायिक नियम प्रसिद्ध केला. त्याचा क्रमांक ८०२.१ एबी असून ह्या पद्धतीस एलएलडीपी ह्या संक्षिप्त नावाने ओळखतात.

ही पद्धत अशी आहे. प्रत्येक यंत्र दर ३० सेकंदांनी आपल्या प्रत्येक पोर्टातून एक लहानसे ओळखपत्र बाहेर सोडते. त्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात : मी कोण, हे पत्र माझ्या कोणत्या पोर्टातून निघाले आणि ही माहिती किती वेळ खरी मानावी. यंत्राचे नाव, त्याचे वर्णन आणि ते स्विच आहे की राउटर की दूरध्वनी, ह्या गोष्टी इच्छेनुसार घालता येतात. माहितीची मुदत साधारणतः १२० सेकंद असते, म्हणजे लागोपाठ तीन पत्रे गहाळ झाली तरी चौथे वेळेवर पोहोचल्यास ओळख टिकते. यंत्र व्यवस्थितपणे बंद होत असेल तर जाताना ते शून्य मुदतीचे पत्र पाठविते. ते मिळताच शेजारी त्याचे नाव लगेच काढून टाकतो. निरोप घेऊन जाण्याची ही रीत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या पत्राचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. ते फक्त लगतच्या शेजाऱ्यासाठी असते. पत्रावर जो विशेष पत्ता घातलेला असतो तो पाहून हे पत्र पुढे सोडावयाचे नाही, हे नियम पाळणाऱ्या स्विचला कळते. त्यामुळे प्रत्येक यंत्रास आपल्या भिंतीस भिंत लागून असलेल्यांचीच माहिती असते. संपूर्ण जाळ्याचा नकाशा कोणा एकापाशी नसतो. देखरेख करणारा माणूस किंवा त्याने लावलेला संगणक प्रत्येक यंत्रास 'तुझे शेजारी कोण?' असे विचारीत जातो आणि त्या उत्तरांची सांधणी करून नकाशा काढतो. भूगोलात आपण मुलांस घराचा, मग गल्लीचा आणि मग गावाचा नकाशा करावयास सांगतो, तोच हा क्रम आहे. आपल्या शाळांतील साध्या स्विचमध्ये ही ओळखपत्राची सोय नसते. तेथील नकाशा आपणच कागदावर काढला पाहिजे. तो न काढल्याने काय होते ते आता सांगतो.

एका शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत संगणक एकाएकी मंदावले आणि थोड्याच वेळात सर्व जोडणी बंद पडली. स्विचवरील सगळे दिवे एकाच वेगाने वेड्यासारखे लुकलुकत होते. मुख्याध्यापकांनी तंत्रज्ञास कळविले. तो अकरा दिवसांनी आला. तोपर्यंत तेथील गुरुजींनी मुलांची कागदपत्रे पिशवीत घालून, पदरचे भाडे खर्चून, दोन वेळा तालुक्यास जाऊन अर्ज भरले. अकरा दिवस संगणकाचा तास झाला नाही. दोष इतकाच होता की कक्ष झाडताना एका केबलचे लोंबते टोक कोणीतरी नीटनेटकेपणासाठी जवळच्या रिकाम्या पोर्टात खोवले होते. तिचे दुसरे टोक त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात होते.

एवढ्याने संपूर्ण जोडणी का पडावी? आपण पाहिले की पत्ता ठाऊक नसला की स्विच फ्रेम सर्व पोर्टांतून सोडतो. शिवाय काही फ्रेम मुळातच सर्वांसाठी असतात. 'अमुक क्रमांकाचा संगणक कोण आहे?' असे विचारण्यासाठी संगणक त्या वारंवार पाठवितात. अशी एक फ्रेम सातव्या पोर्टातून बाहेर पडली आणि त्या केबलमधून फिरून आठव्या पोर्टातून आत आली. स्विचला ती नवी वाटली. त्याने ती पुन्हा सर्वांस पाठविली. ती पुन्हा आत आली. इथरनेटच्या फ्रेमवर 'इतक्या फेऱ्यांनंतर थांब' असे काही लिहिलेले नसते. त्यामुळे ती क्षणात हजारो वेळा फिरते आणि खऱ्या मजकुरास वाट उरत नाही. आणखी असे की पाठविणाऱ्याचा पत्ता कधी सातव्या तर कधी आठव्या पोर्टातून ऐकू येतो, म्हणून स्विचची वहीही सारखी खोडली जाते. स्विचचा एकमेव आधार म्हणजे कानावर पडणारे बोलणे. येथे त्याचाच प्रतिध्वनी त्यास फसवितो.

मोठ्या स्विचमध्ये ह्यावर उपाय असतो. रेडिया पर्लमन ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीत असताना तो शोधून काढला. त्यास स्पॅनिंग ट्री म्हणतात. सर्व स्विच एकमेकांस लहान संदेश पाठवून आपल्यातील एकास मुळाचा मान देतात आणि त्याच्यापासून वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे वाटा ठरवितात. ज्या जोडणीमुळे वर्तुळ पूर्ण होते ती तात्पुरती मिटून ठेवतात व दुसरी तुटल्यास तिला उघडतात. परंतु ह्या उपायासही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बेथ इस्रायल डीकनेस ह्या मोठ्या रुग्णालयातील जाळे ह्या पद्धतीच्या मर्यादेपलीकडे वाढल्यामुळे फेऱ्यांत सापडून कोलमडले आणि सुमारे चार दिवस डॉक्टर-परिचारिकांस कागदावर काम करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेचे असे झाले, तर आपल्या गुरुजींनी खेद मानण्याचे कारण नाही. बहुतेक साध्या स्विचमध्ये तर हा उपाय नसतोच. तेथे माणसानेच डोळे उघडे ठेवावे लागतात.

स्विचची आणखी एक मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. तो जे ऐकतो त्यावर विश्वास ठेवतो. पाकिटावर दुसऱ्याचा पत्ता घालून कोणी पाठविले तर तो तसेच लिहून घेतो. त्याच्या वहीची पानेही मोजकी असतात. खोट्या पत्त्यांचा भडिमार करून कोणी वही भरून टाकली तर नव्या पत्त्यांस जागा राहत नाही आणि त्यांचा मजकूर सर्व पोर्टांतून जाऊ लागतो. मग तो ज्याने पाहू नये त्यासही पाहता येतो. आजचे अनेक मोबाइल फोन तर मालकाचा माग लागू नये म्हणून बिनतारी जोडणीत मुद्दामच बदलता पत्ता वापरतात. तेव्हा पत्ता ही यंत्राची खूण आहे, माणसाची ओळखपाळख नव्हे, हे ध्यानात ठेवावे आणि केवळ पत्त्यावरून कोणा विद्यार्थ्यावर किंवा सहकाऱ्यावर ठपका ठेवू नये.

हा सर्व भाग चौथीपुढील मुलांस विजेवाचून, संगणकावाचून शिकविता येतो. त्यासाठी एक खेळ सुचवितो. सात मुले घ्यावीत. एकास पाटी-पेन्सिल देऊन मध्ये बसवावे, तो स्विच. सहाजणांस भोवती वर्तुळात बसवून त्यांच्या जागांस एक ते सहा क्रमांक खडूने घालावेत. प्रत्येक मुलाच्या हाती पक्ष्याचे किंवा फुलाचे नाव लिहिलेली चिठ्ठी गुपचूप द्यावी. तो त्याचा पत्ता. कोणत्या जागी कोणते नाव आहे हे मधल्या मुलास सांगू नये. आता मोर म्हणतो, "मोराकडून पोपटास." मधला मुलगा पाटीवर 'मोर - ३' असे लिहितो आणि पोपट कोठे ते ठाऊक नसल्याने उरलेल्या पाचही जणांस तेच वाक्य सांगतो. पोपट उत्तर देतो, "पोपटाकडून मोरास." मधला मुलगा 'पोपट - ५' असे लिहून उत्तर एकट्या मोरास सांगतो. गुरुजींनी किंवा बाईंनी दर काही वेळाने टाळी वाजवावी. मागील टाळीपासून ज्याने तोंड उघडले नाही त्याचे नाव पाटीवरून पुसावे. मग दोघांच्या जागा बदलाव्यात आणि पाटीवर काय होते ते मुलांनीच सांगावे. शेवटी दोन मुलांस एवढेच सांगावे की मधल्याकडून जे ऐकाल ते परस्पर एकमेकांच्या जागेवरून त्यालाच पुन्हा मोठ्याने सांगा. अर्ध्या मिनिटात वर्गात जो गलका उडेल त्यावरून मुलांस वर्तुळाचा दोष आयुष्यभर स्मरेल. हसून झाल्यावर मुलांस विचारावे, हा गलका थांबविण्यास काय करावे? उत्तर तीच देतील : त्या दोघांतील एकास गप्प करावे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराच्या काही सूचना करतो. पहिली अशी की संगणक कक्षात एक जोडणी नोंदवही ठेवावी. तीत पोर्टाचा क्रमांक, केबलचा क्रमांक आणि दुसऱ्या टोकास काय आहे, एवढे तीन रकाने पुरेत. दुसरी अशी की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लिहिलेली कागदी पट्टी चिकटवावी. तिसरी अशी की लोंबते टोक कधीही रिकाम्या पोर्टात खोवू नये. दोन्ही टोके काढून केबल गुंडाळून कपाटात ठेवावी. स्विचपासून संगणकापर्यंतची केबल १०० मीटरांहून अधिक लांब असू नये, हेही केबल टाकून घेताना पाहावे.

जोडणी बंद पडल्यास क्रमाने पाहावे. एकाच पोर्टाचा दिवा लागत नसेल तर ती केबल, तिचे टोक किंवा पलीकडचे यंत्र ह्यांत दोष आहे. चांगल्या केबलने तपासून पाहावे. एकही दिवा लागत नसेल तर वीज पाहावी. सर्व दिवे एकदम वेगाने लुकलुकत असून कोणाचेच काम चालत नसेल तर वर्तुळाचा संशय घ्यावा आणि नोंदवहीत नसलेली केबल शोधून काढावी. ती न सापडल्यास एकेक केबल काढीत जावे; जी काढताच दिवे शांत होतात तीत दोष आहे. दिवे नेहमीसारखे असून बाहेरचे काही उघडत नसेल तर स्विच ठीक आहे, दोष राउटरकडे किंवा बाहेरून येणाऱ्या जोडणीकडे आहे. मग खुशाल तंत्रज्ञास कळवावे आणि हे तपासले, ते तपासले, असे त्यास स्पष्ट सांगावे. साधा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याने काही बिघडत नाही. त्याची वही कोरी होते आणि शेजारी बोलू लागताच क्षणात पुन्हा लिहिली जाते.

ह्या कामासाठी कसल्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एक वही, खडू, गोंद आणि कागदाच्या पट्ट्या प्रत्येक शाळेत आहेत. पुढील महिन्याच्या केंद्र परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या जोडणीचा हाताने काढलेला नकाशा आणावा, अशी माझी विनंती आहे. तो मुलांकडून काढवून घेतला असेल तर अधिक चांगले. ज्या शाळेतील सहावी-सातवीच्या मुलींनी केबलच्या टोकांस आपल्या हाताने पट्ट्या लावल्या असतील, तेथे संगणक कक्षाची किल्ली कपाटात पडून राहणार नाही. त्या मुलीच ती मागावयास येतील. आणि दिवे वेगाने लुकलुकू लागले तर कोणती केबल काढावयाची हे त्याच आपणांस दाखवतील.